दोन्हीकडून मुलीकडचे

माझ्या अंगाला आजवर जेवढ्या साड्या लागल्या, तेवढ्या आमच्या घरातल्या सगळ्या बायकांच्या मिळूनही लागल्या नसतील. हे मी अभिमानाने सांगतो आणि आमची ही ते दुःखाने सांगते. तिच्या कपाटात मोजक्या साड्या आणि नवऱ्याच्या खांद्यावरून रोज शालू, पैठण्या, कांजीवरम उतरतायत, हे कोणत्या बाईला सहन होईल? "तुमचं लग्न माझ्याशी झालं का दुकानाशी?" हा तिचा प्रश्न पंचवीस वर्षं जुना आहे आणि अजून अनुत्तरित आहे.

नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका जुन्या कापड दुकानात मी बस्त्याच्या गादीवर होतो. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून मलाही द्यावा लागला. मांडी घालता येत नाही असा गादीवरचा माणूस म्हणजे शेपूट नसलेलं माकड. आता घरी खुर्चीत बसतो आणि जेवणं झाली की भाचेमंडळी मला चावी देतात, "दिलीपमामा, त्या आत्याबाईचा किस्सा सांगा ना." मी सांगतो. पण आज जो सांगणार आहे तो घरी कधी सांगितला नाही. सगळे हसायला बसलेले असतात. यात हसू आहे, पण ते शेवटपर्यंत पुरत नाही.

आधी बस्ता म्हणजे काय ते सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना तो शब्द ऐकून दप्तर आठवतं. आमच्याकडे लग्न ठरलं की मुलाकडचे आणि मुलीकडचे मिळून एकाच दिवशी, एकाच दुकानात सगळ्या लग्नाचे कपडे घेतात. टेम्पो किंवा क्रुझर भरून माणसं येतात. पांढऱ्या गादीवर दोन्ही बाजू समोरासमोर बसतात. पहिल्यांदा देवीची साडी-चोळी निघते. मग नवरीचा शालू, तो मुलाकडच्यांनी घ्यायचा. मग नवरदेवाचा पोशाख, तो मुलीकडच्यांनी. त्यानंतर मानाचे कपडे: मामी, आत्या, करवली, विहीण, व्याही. शेवटी हे सगळं एका मोठ्या कापडात बांधून, गाठीला हळदकुंकू लावून उचलायचं. बांधलेला बस्ता दुकानात मागे ठेवायचा नसतो आणि दुसरी बाजू हजर नसताना सोडायचा नसतो. लग्नाच्या बैठकीत जे भांडण राहून गेलं असेल ते बस्त्यात होतं. म्हणून आमचे शेठ म्हणायचे, "दिलीप, आपण कापड विकत नाही. आपण तह करतो."

तहाचं पहिलं कलम म्हणजे बसवणं. पार्टी पायऱ्या चढली की मी विचारायचो, "मुलाकडचे कोण, मुलीकडचे कोण?" मुलाकडच्यांना भिंतीकडची बाजू, लोड, कूलरची हवा, पहिलं पाणी आणि पहिला चहा. मुलीकडच्यांना दाराकडची बाजू आणि उरलेलं सगळं. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण एकदा मी चुकून मुलीच्या मामाला लोड दिला, तर मुलाचे चुलते चपला घालून पायऱ्यांवर जाऊन बसले. मुलाकडच्यांचा रुसवा हा आमच्या धंद्यातला सर्वांत महाग माल.

साडी दाखवायची तर ती अंगावर टाकावी लागते. बाईच्या अंगावर आपण टाकू शकत नाही, मग स्वतःच्याच टाकायची. माझं पोट तेव्हाही होतं. त्या पोटावर निऱ्या धरून, खांद्यावर पदर टाकून मी आरशाकडे असा बघायचो की समोरच्या नवरीला वाटावं, याला एवढी शोभते तर मला किती शोभेल. मस्तगडाकडच्या एका मुसलमान घरातली नानी एकदा नातीच्या लग्नाचे जोडे, म्हणजे पोशाख, घ्यायला आली होती. ओढणी डोक्यावर घेऊन मी जरा मान खाली घातली, तर म्हणाली, "भैया, इत्ता नक्को शरमाव. निकाह इसका है, तुम्हारा नइं." आमच्या शेजारच्या, पुरुषांच्या कपड्यांच्या काउंटरवरचे रफिकभाई ही गोष्ट पुढे वीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिले.

आणि ती आत्याबाई. तिच्या साडीचे काठ मामीच्या साडीपेक्षा बोटभर बारीक निघाले. तिने लग्नालाच येत नाही म्हणून जाहीर केलं. मुलीचा बाप हात जोडून उभा. मी आतून दुसरी साडी आणली, तिच्यापुढे हळूच ठेवली आणि म्हणालो, "ताईसाहेब, ही एकच पीस आहे. मामीसाहेबांना दाखवलीच नाही." खरं म्हणजे तसल्या अकरा-बारा पडून होत्या. आत्याबाई लग्नाला गेल्या, जेवल्या, आणि म्हणे मामीला पंगतीत वाढायलाही उठल्या. अशी कामं मी आयुष्यभर केली. कधी वाटतं, देशात जी भांडणं चालू असतात तिथे एखादा गादीवरचा माणूस पाठवायला हवा.

तर देशातल्या भांडणावर येतो. काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दिल्लीच्या मोठ्या कोर्टात सुनावणी चालू होती. बाईने बाईशी आणि पुरुषाने पुरुषाशी केलेलं लग्न कायद्याने लग्न मानायचं का, असा प्रश्न होता. ऐन लगीनसराईत. त्यामुळे प्रत्येक बस्त्यात साडी निवडून थकलेले पुरुष मोबाइल काढायचे आणि वाद सुरू व्हायचा. वाद तोंडी लावण्यापुरता असायचा. "हे आपल्यात नसतं." "असतंय की. आपल्यात बोलत नसतेत, एवढंच." "अहो, उद्या जनावरांशी लावतेल." "जनावरांना कोन विचारून राह्यलंय? मानसांचं चाललंय." परतूरकडचे एक पागोटेवाले आजोबा बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी जो मुद्दा काढला तो मला वाटतं दिल्लीत कुणालाच सुचला नसेल. म्हणाले, "ते सगळं बराबर हाये. पन मंग बस्त्याला शालू कोन कोनाला घ्यायचा?"

सगळी गादी हसली. मीही हसलो. तो प्रश्न पंधरा-वीस दिवसांत माझ्याच पायऱ्या चढून येणार आहे हे मला काय माहीत!

मे महिन्यात एका दुपारी चौघे आले. पुढे एक साठीच्या बाई. त्यांना इथे सुमनबाई म्हणू. अंबडला त्यांची पिठाची गिरणी. नवरा लवकर गेला, गिरणी चालवून एकुलती मुलगी शिकवली. आवाज गिरणीवर कमावलेला, म्हणजे शेजारी बसलेल्याशी बोलल्या तरी रस्त्यावर ऐकू यावा. त्यांची मुलगी मयूरी, पुण्यात एका लॅबमध्ये नोकरी. तिच्यासोबत दुसरी मुलगी प्रतीक्षा, तीही पुण्यातच, हाडांच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणारी. आणि सगळ्यांच्या मागे, दोन पायऱ्या खालीच थांबलेले प्रतीक्षाचे वडील, भगवानराव. जांब समर्थच्या बाजूचे शेतकरी, कापूस आणि मोसंबी. पांढरी टोपी, हातात रिकामी पिशवी.

मी सवयीने विचारलं, "या मावशी, बसा. मुलाकडचे कोण, मुलीकडचे कोण?"

"आमी दोन्ही मुलीकडचे," सुमनबाई म्हणाल्या.

"बरं बरं. मग मुलाकडचे वाटेत आहेत का? त्यांच्यासाठी कूलर इकडं ओढून ठेवतो. लोड पण काढतो."

"ते येत नसतेत."

"का बरं? रुसले का?"

मयूरी तोंडावर रुमाल धरून हसायला लागली. सुमनबाईंनी माझ्याकडे गिरणीत खडा सापडल्यासारखं पाहिलं. "दादा, आमच्या लग्नात मुलाकडचं कुणी न्हाईच. ही माझी पोरगी, ही ह्यांची. या दोघीचं लगीन. टीव्हीवर पाहून राह्यले ना तुमी, तेच."

पस्तीस वर्षं जिभेवर धंदा केलेला मी माणूस. कूलरची दोरी हातात धरून तसाच उभा. रफिकभाई पलीकडून आले, माझ्या हातातली दोरी घेतली आणि म्हणाले, "दिलीपभाऊ, कूलर बीच में रखतो. दोनों तरफ हवा लगेगी." हा माणूस पाच वेळा नमाज पढणारा. त्याला या लग्नाबद्दल काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पण आलेल्या माणसाला हवा लागली पाहिजे, एवढं त्याचं पक्कं होतं.

मला काय वाटलं? खरं सांगू, मला वाटण्याआधी अडचण दिसली. कुणाला कुठं बसवू? भगवानराव दाराजवळच टेकले, मुलीच्या बापाने बसावं तसे. सुमनबाईही दाराजवळच. भिंतीकडची अख्खी बाजू रिकामी. मी म्हणालो, "काका, लोडाला टेका ना." ते म्हणाले, "न्हाई, मावशीला द्या." मावशी म्हणाल्या, "मला कशाला? म्या पोरीची माय हाये." लोड मधेच पडून राहिला. पहिला चहा कुणी घेईना. तो शेवटी रफिकभाईच प्याले.

आणि मग जे झालं ते मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. सुमनबाईंनी प्रतीक्षासाठी शालू काढायला सांगितला. मी मधल्या दराचा काढला, तर म्हणाल्या, "दुसऱ्याची लेक हाये. चांगला काढा." भगवानरावांनी मयूरीसाठी काढायला सांगितला, आवाज खाली, नजर गादीवर. तेही म्हणाले, "चांगला." इकडे ताणून कमी करणारं कुणी नाही, तिकडे ताणून वाढवणारं कुणी नाही. रुसायला कुणी नव्हतंच! रुसण्याचा हक्क मुलाकडच्यांचा आणि ते तर या लग्नात जन्मालाच आले नव्हते. मी दर दहा मिनिटांनी सवयीने दोन्ही बाजूंचे चेहरे वाचायचो, कुठे ठिणगी पडतेय का बघायचो. काही नाही. तहाला आलेला माणूस मी, आणि दोन्ही सैन्यं एकमेकांना ‘तुमी घ्या, तुमी घ्या’ करत बसलेली.

भगवानराव मात्र मोकळे होत नव्हते. कापसाचा माणूस, प्रत्येक पदर अंगठ्यात आणि बोटात धरून बघायचे आणि काही न बोलता सोडायचे. मी मयूरीसाठी एक डाळिंबी शालू काढला, स्वतःच्या पोटावर निऱ्या धरल्या, खांद्यावर पदर घेतला आणि आरशाकडे वळलो. दोघी पोरी खुदखुदायला लागल्या. भगवानरावांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग त्या पोरीकडे, आणि पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

"तुमच्यावर नका टाकू. तिच्यावर टाका."

सुमनबाईंनी तो शालू माझ्या खांद्यावरून ओढला आणि मयूरीच्या खांद्यावर टाकला. भगवानराव बघत राहिले. "हां," म्हणाले. "हाच." प्रतीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठून आरशाकडे आली, जणू काही पदर नीट करायचाय. माझ्या शेजारी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "काका, आम्हाला हे नसतं तरी चाललं असतं. आम्ही सहा वर्षं सोबतच राहतो. हे सगळं बाबांसाठी चाललंय."

ते मला तेव्हा नीट कळलं नाही. व्याह्यांच्या मानाची वेळ आली तेव्हा कळलं. सुमनबाईंनी स्वतः उठून रफिकभाईंच्या काउंटरवरून फेट्याचं कापड निवडलं, केशरी, बारीक जरीची किनार असलेलं, आणि म्हणाल्या, "व्याह्यांचा मान माझ्याकडनं. रफिकभाई, बांधा बरं ह्यांना."

भगवानराव झटकन मागे सरकले. "आत्ता न्हाई."

"का हो?"

"निकाल लागू द्या. कायदा झाला का मांडवात बांधा. म्या घरी सांगून आलो, बियाणं आनायला चाललो. बायको रडून राह्यली रोज. भावकीत अजून कुनाला ठाव न्हाई. कायदा झाला का म्या सोता सांगतो. पत्रिका छापतो. तुमी म्हनाल तेवढ्या छापतो."

"आन न्हाई झाला तर?" सुमनबाईंनी विचारलं.

"व्हईल," भगवानराव म्हणाले. "एवढे मोठे वकील बोलून राह्यले."

मग ठरलं ते असं. बस्ता बांधायचा, पण उचलायचा नाही. निकाल लागला की दोघांनी मिळून येऊन उचलायचा. मी शेठकडे गेलो. बांधलेला बस्ता दुकानात राहात नसतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दिलीप, असा बस्ता पण कधी बांधला नव्हता ना? मग याचा नियम कुठून आणतो? ठेव वर." आम्ही गाठोडं बांधलं, दोघींकडून गाठीला हळदकुंकू लावून घेतलं आणि वरच्या फळीवर ठेवलं. फेटा भगवानरावांनी गाठोड्यात घालू दिला नाही, म्हणून तो वेगळ्या पिशवीत त्याच्या उशाला.

जाताना भगवानराव खरंच बियाण्याच्या दुकानात गेले. रिकामी पिशवी घरी नेली असती तर बायकोने विचारलं असतं.

निकाल नवरात्रात लागला. आमच्या दुकानात तेव्हा मुंगीला जागा नसते, ज्या दिवशीचा जो रंग त्या रंगाच्या साड्या भाजीसारख्या विकल्या जातात. त्या दिवशी सगळ्यांना लाल पाहिजे होती. मी लाल साड्यांच्या ढिगात कमरेपर्यंत बुडालेलो, आणि रफिकभाईंनी काउंटरवरून नुसती मान हलवली. नाही. कोर्टाने म्हटलं होतं, असं लग्न मान्य करणं हे आमचं काम नाही, ते संसदेचं. समोरची एक बाई म्हणत होती, "भाऊ, हा लाल नको, गर्द लाल पाहिजे." मी गर्द लाल शोधायला वळलो आणि वरच्या फळीकडे बघायचं टाळलं.

सुमनबाईंचा फोन दोन दिवसांनी आला. मागे गिरणी चालू. "दादा, तिकडं काय न्हाई झालं म्हनतेत."

"हो मावशी. ऐकलं."

"पोरीचं काय अडलं न्हाई. आपल्या राहून राह्यल्या मजेत. मला म्हनतेत, आई, शालू घेऊन ये, आपन इथंच घालू. पन म्या म्हनलं, न्हाई. दोन्हीकडच्यांनी उचलायचा ठरलाय." मग आवाज जरा खाली आला, म्हणजे इतरांच्या साध्या आवाजाएवढा. "व्याही आल्ते का तुमच्याकडं?"

"नाही आले."

"आले तर सांगा."

दिवाळी गेली. तुळशीची लग्नं लागली, नवे बस्ते सुरू झाले. गाठोड्यावर धूळ बसू नये म्हणून मी त्याच्यावर एक जुनी चादर टाकली. नवीन लागलेली पोरं विचारायची, "मामा, हे कोणाचं?" मी म्हणायचो, "येणाऱ्यांचं." आमच्या धंद्यात माल वर्षाच्या आत जुना होतो. डाळिंबी रंग त्या हिवाळ्यात मागे पडला, सगळ्यांना पिस्ता पाहिजे झाला. मला त्याचंही वाईट वाटायचं.

मग पौष आला. पौषात लग्न नसतं, बस्त्याला कुणी फिरकत नाही. आम्ही घड्या उलगडून पुन्हा घालतो, शेठ पेपर वाचता वाचता पेंगतात. ज्याला दुकानात दिसायचं नसेल त्याने पौषात यावं. भगवानराव पौषात आले.

"मोसंबीचं औषध न्यायला आल्तो," ते म्हणाले. मी चहा सांगितला. या वेळी ते लोडाला टेकून बसले, कारण बघणारं कुणी नव्हतं. चहा संपवला. मग वर बघून म्हणाले, "हाये का ते?"

"आहे. काढू का?"

"सोडू नका. नुस्तं दाखवा."

मी चादर बाजूला केली. त्यांनी खालूनच पाहिलं. हळदकुंकू फिकं पडलेलं होतं.

"दिलीपराव, लोकाला वाटतं कायदा पोरीला पाहिजे व्हता," ते म्हणाले. "पोरीला काय करायचाय? पाहिजे व्हता मला. भावकीत म्या कुनाकुनाशी भांडू? एकाला समजावलं तर दुसरा उठंल. आमच्या घरात सोयरीक कोन करंल, पुतन्याचं लगीन कसं व्हईल, हे सगळं माझ्या मानगुटीवर. सरकार म्हनलं असतं, व्हय, हे लगीन हाये, तर म्या म्हनलो असतो, बाबांनो, माझ्याशी काय भांडता? जा, सरकारशी भांडा. एवढाच आधार पाहिजे व्हता. मानूस लई धिटाईचा नसतो हो. त्याला वरून एक शब्द लागतो."

आयुष्यभर मी दोन बाजूंमध्ये तह केले. इथे बाजू एकच होती, आणि ती स्वतःशीच अडून बसलेली.

मग त्यांनी विचारलं, "तो फेटा हाये का? बाहेर ठेवला व्हता तो."

रफिकभाई फेटा बांधण्यात उस्ताद. त्यांनी काही न विचारता पिशवी उघडली, भगवानरावांची टोपी काढून त्यांच्याच मांडीवर ठेवली आणि कापडाचा एक पदर माझ्या हातात दिला. "हिलू नक्को, काका." मी कापड ताणून धरलं, त्यांनी पीळ घालत फेरे दिले. भगवानराव लहान पोर केस कापायला बसावं तसे मान ताठ करून बसले होते. शेवटचा तुरा वर काढून रफिकभाई बाजूला झाले. भगवानराव उठले आणि आरशापुढे उभे राहिले.

मी त्या आरशात हजारो माणसं पाहिली आहेत. आरशात बघणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःला विचारत असतो, लोक काय म्हणतील. भगवानरावांनी आधी फेट्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या डोळ्यांकडे. मग छाती जरा पुढे आली, त्यांना न कळता आली असावी. मांडवाच्या दारात पाहुण्यांना या-बसा म्हणायला मुलीचा बाप उभा राहतो, तसे ते त्या रिकाम्या दुकानात उभे राहिले.

तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या.

त्यांच्याच गावचं जोडपं निघालं. भावकीतलंच. बारशासाठी साडी घ्यायला आलेलं. तो माणूस दारातूनच ओरडला, "अरे तिच्या! भगवानतात्या! फेटा बांधून? कुनाचं लगीन हो?"

मी आणि रफिकभाईंनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता. एकच वाक्य. एवढं म्हणा, तात्या, पुढचं मी सांभाळतो. मी मोठमोठ्या आत्याबाई सांभाळल्या आहेत. भगवानरावांचा हात फेट्याकडे गेला. काढायला की सावरायला, ते त्यांनाही कळलं नसावं.

"हाये एक," ते म्हणाले. "पुन्याला."

"कुनाचं पन?"

"भाचीचं."

"मंग आमाला पत्रिका न्हाई व्हय? आन फेटा आत्ताच?"

"पाव्हन्यांनी मान केलाय," भगवानराव म्हणाले. आणि थोडं थांबून, "पत्रिका निघाली का देतो."

जोडपं साडीकडे वळलं. मी त्यांना साड्या दाखवायला बसलो, खांद्यावर पदर टाकला, काय बोललो ते आठवत नाही. भगवानरावांनी दोन्ही हातांनी फेटा तसाच, बांधलेला, डोक्यावरून उचलला. रफिकभाई तो सोडायला पुढे झाले तर म्हणाले, "सोडू नका. असाच द्या." फेटा एका मोठ्या कॅरीबॅगमध्ये तुरा मोडणार नाही असा बसवला. टोपी घालून, पिशवी छातीशी धरून ते पायऱ्या उतरले. व्याह्याचा मान मांडवात, विहिणीच्या हातून, चारचौघांत व्हायचा असतो. तो पौषात, भाचीच्या नावावर, दुकानाच्या पिशवीतून गेला.

सुमनबाईंना मी त्याच दिवशी फोन लावला. कळवायचं कबूल केलं होतं. गिरणी चालू होती.

"मावशी, व्याही आले होते."

"थांबा," त्या म्हणाल्या. गिरणी बंद झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मला गिरणीशिवाय ऐकू आला, आणि तो अगदीच लहान होता. "बस्ता उचलला?"

"नाही. बस्ता आहे तसाच आहे. फेटा बांधून बघितला. आणि घेऊन गेले."

"बांधला व्हता? डोक्याला?"

"हो. रफिकभाईंनी बांधला."

"कसे दिसत व्हते?"

पस्तीस वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर दिलं आहे, आणि ते दर वेळी माल खपवायला दिलं आहे. या वेळी खपवायला काही नव्हतं.

"व्याही दिसत होते, मावशी."

पलीकडे दळण घ्यायला आलेलं कुणीतरी मागून हाक मारत होतं, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही.

"रंग म्या निवडला व्हता," त्या म्हणाल्या. "मला बघायला पाहिजे व्हता."